धुराडे शेजाऱ्याच्या छपराहून उंच हवे

महोदय,
थंडी पडताच परभणीत वसतिगृहे व लॉज यांच्या मागील अंगणातले लाकडी बॉयलर पहाटेपासून पेटतात. त्यांना माझा सरसकट विरोध नाही. पऱ्हाट्या (कापूस वेचल्यावर उरलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या) बांधावर पेटवून देण्यापेक्षा त्यांवर अंघोळीचे पाणी तापलेले केव्हाही बरे, शिवाय त्यांच्या गंजीत दडलेली गुलाबी बोंडअळी ही कपाशीची कीडही त्यात जळते. मात्र ओली बाभूळ कोंबली, की बरीचशी उष्णता लाकडातला ओलावा उडवण्यातच खर्च होते, जाळ मंदावतो आणि अर्धवट जळालेला काळपट धूर, धुराडे जेमतेम पुरुषभर उंच असल्याने, थेट शेजारच्या खिडकीत शिरतो. लाकूड पत्र्याखाली वाळवून वापरण्याची व धुराडे लगतच्या छपराहून उंच नेण्याची अट महापालिकेने अशा बॉयलरना घालावी.

— एक वाचक, परभणी