१९९३च्या यादीतील शेवटची ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत एकेका वर्षातील देशभरच्या ठळक घटना देणारे सदर मी पहिल्यापासून वाचतो आणि त्याची कात्रणे ठेवतो. गेल्या आठवड्यात १९९३ सालाचा भाग आला. बारा मार्चचे मुंबईतील साखळी बॉम्बस्फोट आणि त्यात गेलेले २५७ जीव, अठ्ठावीस जुलैला नरसिंह राव सरकारने २६५ विरुद्ध २५१ मतांनी परतवलेला अविश्वास ठराव, मानवी हक्क आयोगाची स्थापना, निवडणूक आयोग त्रिसदस्यीय होणे, ईडन गार्डन्सवर अनिल कुंबळे यांनी हिरो कपच्या अंतिम सामन्यात बारा धावांत घेतलेले सहा बळी, हे सारे त्यात व्यवस्थित आले आहे. अगदी शेवटी, ‘याशिवाय’ असे म्हणून, एक ओळ आहे : ‘२९ सप्टेंबर रोजी लातूर जिल्ह्यात भूकंप, हजारो मृत्युमुखी.’ या एका ओळीत तारीख चुकली आहे आणि अर्धा भूकंपग्रस्त भाग गळाला आहे. म्हणून हे पत्र.

भूकंप झाला तो ३० सप्टेंबरला, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी. एकोणतीस तारखेची चूक कशी होते हेही मला ठाऊक आहे. ती विसर्जनाची रात्र होती, माणसे उशिरा घरी येऊन आडवी झाली होती, आणि आमच्याकडे आजही कोणी सांगू लागले की ‘गणपती बोळवले त्या रात्री’ असेच सांगते. बोलण्यात ते चालते, परंतु छापील यादीत चालू नये. दुसरे असे की हा भूकंप एकट्या लातूर जिल्ह्याचा नव्हता. औसा तालुक्यातील किल्लारीइतकाच तो त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील सास्तूरचाही होता, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्याचा. तेरणेच्या दोन्ही काठांवरची गावे एकाच वेळी खाली आली, आणि पुढे ज्या ५२ गावांचे संपूर्ण स्थलांतर करावे लागले ती दोन्ही जिल्ह्यांत होती. ‘हजारो’ या शब्दाबद्दल मात्र मी आपल्याला दोष देत नाही. मृतांचा आकडा काही कागदांत ७,९२८ असा दिसतो, तर काहींत ९,७४८ असा. मधल्या अठराशे माणसांचा हिशेब तीस वर्षांनंतरही दोन कागदांत जुळत नाही, हीसुद्धा त्या वर्षाची एक नोंदच म्हणावी लागेल.

तरीही माझा खरा आक्षेप दुरुस्तीपुरता नाही. ‘याशिवाय’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. दिल्लीत जे घडते ते राष्ट्रीय आणि मराठवाड्यात जमीन हलली तर ती स्थानिक आपत्ती, अशी वाटणी या यादीमागे दिसते. तो एकच आठवडा पाहा. २८ सप्टेंबरला मानवी हक्कांविषयीचा अध्यादेश निघाला, ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारी झाली आणि १ ऑक्टोबरला मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या जोडीला दोन निवडणूक आयुक्त नेमले गेले. पहिल्या आणि तिसऱ्या घटनेला आपण स्वतंत्र परिच्छेद दिले आहेत, आणि ते देण्यासारखेच विषय आहेत. पण मधल्या घटनेने या देशाच्या कारभारात आणि शास्त्रात जे बदलले ते या दोहोंपेक्षा कमी होते काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

१९९३ पूर्वी भूकंपाच्या सरकारी नकाशात आमचा भाग पहिल्या पट्ट्यात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या जागी दाखवलेला होता. दख्खनचे पठार म्हणजे हलणार नाही अशी कातळाची जमीन, असे शाळेच्या भूगोलात होते आणि मी स्वतः वर्गात तसेच शिकवले आहे. १९६७ला कोयनेला धक्का बसला तेव्हा धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवता आले. तेरणेच्या खोऱ्यात तसे सहज दाखवता येईना. वास्तविक १९९२च्या ऑगस्टपासूनच किल्लारी परिसरात जमिनीखालून गुरगुर ऐकू येत होती, आणि त्या वर्षी १८ ऑक्टोबरचा धक्का तर चांगला मोठा होता. काही दिवस लोक अंगणात झोपले, मग सवय झाली आणि पुन्हा घरात गेले. पुढे २००२ साली नकाशा बदलला. पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. एखादी घटना देशाचा नकाशा बदलायला लावते, इमारती कशा बांधाव्यात याच्या मानकांपर्यंत जाऊन पोहोचते, तेव्हा ती ‘याशिवाय’मध्ये कशी बसते?

रिश्टर मापनावर ६.२ ते ६.४च्या धक्क्याने इतकी माणसे का गेली, हे ज्याने आमच्याकडचे माळवदाचे घर आतून पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. माझे गाव किल्लारीपासून बरेच दूर आहे, तरी आमचे घर त्याच जातीचे होते. भिंत अडीच हात रुंद. दोन्ही अंगांनी दगडांच्या रांगा आणि मध्ये गोटे, चिखल, जे हाताला लागेल ते. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा आडवा लांब दगड फारसा कोणी घालत नसे. आत सागवानी खांब-तुळयांचे खण, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. हा थर दरसाल वाढत असे, कारण मृगाच्या आधी गळती थांबावी म्हणून आणखी चार-दोन पाट्या माती वर चढवायचीच, आणि लहानपणी ते काम आम्हा पोरांकडे असे. उन्हाळ्यात त्या घरासारखे थंड घर नाही. पण त्या पहाटे भिंती आतबाहेर फुटल्या आणि ज्या मातीने आम्हाला पाऊस-उन्हापासून राखले तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. नवलाची गोष्ट अशी की भूकंपानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी त्या भागात गेलो तेव्हा कितीतरी ठिकाणी भिंती भुईसपाट झाल्या होत्या आणि लाकडाचे खण मात्र जागच्या जागी उभे होते. खण धरून भिंत सुधारली असती तर जुने घर वाचले असते, हे तज्ज्ञांनी मागाहून सांगितले. पण तोवर लोकांनी भीतीने सागवान उतरवून मिळेल त्या भावाला विकले होते.

माझी थोरली बहीण त्या ५२ गावांपैकी एका गावात दिलेली. तिचे घर गेले, माणसे वाचली. नव्या गावठाणात घर मिळाले ते जमिनीच्या हिशेबाने : भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, एकसारखी घरे; कोणाचा दरवाजा कोणता हे कळायला तिला महिना लागला. वर स्लॅब आहे म्हणून ती कित्येक वर्षे घरात झोपलीच नाही. पुढे पत्र्याचे शेड टाकले आणि घरात ज्वारीची पोती ठेवली. हा अनुभव तिच्या एकटीचा नव्हता. जी गावे हलवली नाहीत, केवळ दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथे मात्र घरमालकाच्या हाती पैसे देऊन त्यालाच काम करू दिले गेले, आणि गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून अभियंता आणि घरमालक यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. सिमेंटचे प्रमाण आणि कोपऱ्यातला लोखंडी गज यांवर त्या गवंड्याशी भांडताना मी पाहिल्या आहेत. २००१ला भूजचा भूकंप झाला तेव्हा गुजरातेत घर मालकानेच बांधावे या पद्धतीवर भर दिला गेला, त्यामागे किल्लारीच्या या दोन्ही बाजूंचा अनुभव होता.

इथेच आपल्या यादीतून पूर्णपणे सुटलेली दुसरी घटना येते. २४ एप्रिल १९९३ रोजी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखणे देशभर बंधनकारक झाले. महाराष्ट्रात तीस टक्क्यांचे आरक्षण आधीच होते, त्यामुळे आमच्याकडे त्याचा गाजावाजा झाला नाही. पण गावाच्या पुनर्वसनात बाई बोलते आणि त्याच सुमारास तिची पंचायतीतली खुर्ची घटनेने पक्की होते, या दोन गोष्टी तेरणाकाठी एकमेकींना भेटल्या. त्या दिल्लीच्या वार्ताहराच्या वहीत एकत्र आल्या नसतील, हे मी समजू शकतो. डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी घालणारा कायदाही १९९३चाच. त्यालाही यादीत जागा नाही. खासदार निधीची घोषणा मात्र आहे. कुंबळेंच्या सहा बळींबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तो सामना आम्ही शेजाऱ्याच्या टीव्हीवर उभे राहून पाहिला होता.

पुढील आठवड्यात आपण १९९४ घेणार आहात. त्याची सुरुवात १४ जानेवारीच्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराने होईल अशी आशा आहे. तेथे विधिमंडळाचा मूळ ठराव जुलै १९७८चा आहे, हे सोबत द्यावे, नाही तर सोळा वर्षांची गोष्ट एका संक्रांतीला घडल्यासारखी वाटेल. आणि १९९३च्या भागाची शुद्धी छापताना ३० सप्टेंबर ही तारीख, पहाटेची वेळ, किल्लारीसोबत सास्तूरचे नाव आणि दोन्ही जिल्हे, एवढे तरी यावे. ही कात्रणे मी आमच्या गावच्या शाळेच्या वाचनालयाला देत असतो आणि स्पर्धा परीक्षेची मुले तीच वाचून तारखा पाठ करतात. गेल्या आठवड्याचे कात्रण मी अजून दिलेले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
ता. औसा, जि. लातूर