मंत्रिमहोदय, मुलांनी लिहिलेले वाचायला वेळ मंजूर करा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

नागपुरातल्या एका कॉलेजात मी बावीस वर्षे मराठी शिकवते आहे. दर डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण आमच्या शहरात येता, तेव्हा निवेदनांचा ढीग आपल्यापुढे पडत असेल. माझे निवेदन त्या गर्दीत हरवू नये म्हणून हे उघड पत्र लिहिते आहे. मागणी एकच आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांनी लिहिलेले पान शिक्षकाने वाचावे, दुरुस्तीसाठी परत द्यावे, आणि हे वाचणे शिक्षकाचे काम म्हणून मोजले जावे.

दोन वर्षांपूर्वी बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे आला. भंडारा जिल्ह्यातला, घरी धानाची शेती. त्याला बोनाफाईडसाठी अर्ज करायचा होता. कोरा कागद पुढे करून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच लिहून द्या ना. मले नाही जमत." बारावीला मराठीत त्याला बरे मार्क होते. मी त्याला बसवले आणि अर्ज बाजूला ठेवून म्हटले, आधी गावाबद्दल काहीतरी लिही. पंधरा मिनिटांत तीन ओळी आल्या. माझे गाव सुंदर आहे, गावात मंदिर आहे, सर्व लोक मिळूनमिसळून राहतात. त्या ओळी कोणत्या गाईडातल्या आहेत, हे मराठीचा कोणताही शिक्षक सांगेल.

मग मी वही मिटली आणि विचारले, यंदा रोवणी (धानाची लावणी) कशी झाली? तो दहा मिनिटे थांबला नाही. पऱ्हे (लावणीआधीची धानाची रोपे) कधी टाकले, पाऊस लांबल्यावर ते पिवळे कसे पडायला लागले, शेजारच्याकडून पाणी घेऊन चिखलणी कशी उरकली, एकाच आठवड्यात सगळ्यांची रोवणी आल्यामुळे मजुरी किती चढली. आधी काय, नंतर काय, कशामुळे काय झाले आणि त्यात किती पैसे गेले, सगळे त्याच्या बोलण्यात जागच्या जागी होते. चांगल्या निबंधाला याहून वेगळे काय लागते? हे कागदावर लिहायचे असते, असे बारा वर्षांत त्याला कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

मुलांना लिहिता येत नाही अशी तक्रार आम्ही शिक्षक स्टाफरूममध्ये रोज करतो. ती खरी आहे. पण त्यांच्या चुका नीट पाहिल्या तर त्या आळसाच्या नसतात. आमच्याकडे येणारा मुलगा घरी वऱ्हाडी बोलतो, झाडीबोली बोलतो, कोणी पोवारी, कोणी गोंडी, कोणी हिंदी. त्याच्या तोंडी पाण्याचे "पानी" असते, शाळेची "शाया" असते. कानाला जे येते ते तो लिहितो, म्हणून वहीत ण आणि न, ळ आणि य यांची अदलाबदल होते. "मी अभ्यास केलो" असे तो लिहितो. त्याच्या बोलीत मी गेलो, मी आलो, तसेच मी केलो. क्रियापदाचे रूप सरळ कर्त्याप्रमाणे बदलते. प्रमाण मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाचे रूप कर्माप्रमाणे बदलते, म्हणून "मी अभ्यास केला". दोन्हीकडे नियम आहे, फक्त नियम वेगळा आहे. ही गोष्ट वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवली की मुले चटकन ओळखतात, आणि आपली बोली म्हणजे चूक नव्हे हे कळल्यावर त्यांची मान वर होते. बावीस वर्षांत मी पाहिलेला हा सर्वांत मोठा बदल आहे.

शुद्धलेखनाचेही तसेच. "फूल" दीर्घ लिहायचे हे मुलीने पाठ केलेले असते, म्हणून ती "फूलाला" लिहिते. "गरीब" पाठ म्हणून "गरीबांना". शब्दाचे सामान्यरूप झाले की हा उपान्त्य स्वर ऱ्हस्व होतो, फुलाला, गरिबांना, हे तिला कोणी तिच्याच वाक्यात दाखवलेले नसते. शासनमान्य लेखनाचे नियम एकूण अठरा. 1962 साली चौदा आले, 1972 साली त्यांत चारांची भर पडली. ते काही डोंगराएवढे नाहीत. पण अठरा नियमांची झेरॉक्स वाटून मी एका वर्षी पाहिले आहे, परीक्षेत मुलांनी नियम बिनचूक लिहिले आणि त्याच उत्तरपत्रिकेत तेच नियम मोडले.

1970 साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या सर्वांना प्रवेश खुला केला, तेव्हा तिथेही हाच गोंधळ उडाला होता. ज्यांच्या घरात कॉलेजचे तोंड कोणी पाहिले नव्हते अशी मुले वर्गात आली आणि प्राध्यापक म्हणाले, यांना लिहिता येत नाही. मीना शॉनेसी नावाच्या शिक्षिकेने या मुलांचे सुमारे चार हजार निबंध तपासले आणि दाखवले की त्यांच्या चुकांमागे काही एक तर्क असतो. शिक्षकाने आधी तो समजून घ्यावा. पुढे 2007 साली ग्रॅहम आणि पेरिन या दोन अमेरिकी संशोधकांनी शाळकरी मुलांवरचे अनेक प्रयोग एकत्र ताडून पाहिले. व्याकरण सुटे शिकवल्याने लेखन सुधारत नाही, आणि वाचलेल्याचा सारांश लिहिणे, छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य बांधणे याने सुधारते, असे त्यांना आढळले. मुले तिकडची, भाषा इंग्रजी. पण माझ्या वर्गातला अनुभव याहून निराळा नाही.

वाचनाची अडचण तर याहून खोल आहे, कारण ती दिसत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा हप्ता बुडाला. सूचना तिने वाचली होती. पाच ओळींचे एकच वाक्य, मध्ये दोनदा "वगळून" आणि शेवटी "अनिवार्य राहणार नाही असे नाही". ती मुलगी हुशार आहे, गणितात चांगली आहे. कागद कोणता द्यायचा आणि कोणता नाही, हे तिला त्या वाक्यातून काढता आले नाही. लाजेपोटी विचारलेही नाही. ती घटना घडल्यापासून मी वर्गात कवितेआधी शासन निर्णय वाचायला देते. वाक्य तोडा, कर्ता शोधा, क्रियापद शोधा, मग सांगा की तुम्हाला नेमके काय करायचे आहे. पहिल्या दिवशी वर्ग गप्प असतो. पाचव्या-सहाव्या वेळी वाद घालायला लागतो.

आता आपल्या अखत्यारीतल्या गोष्टीकडे येते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही एईसी, म्हणजे क्षमतावर्धन अभ्यासक्रम (Ability Enhancement Course), आली. त्यात भाषेला दोन श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे एका सत्रात तीस तास मिळतात. कल्पना उत्तम आहे, बी.कॉम. आणि बी.एस्सी.च्या मुलांनाही लिहायला शिकवण्याची सोय त्यात झाली. पण त्या तीस तासांत प्रत्यक्षात काय चालते? संवादकौशल्याच्या व्याख्या, अर्जलेखनाचे फायदे, सारांशलेखनाची वैशिष्ट्ये. इंग्रजीच्या वर्गातही हेच. मी पाहिलेल्या एका पेपरात "सारांश मूळ उताऱ्याच्या किती असावा?" असा बहुपर्यायी प्रश्न होता. सारांश लिहायला लावणारा प्रश्न एकही नव्हता. तीस तास लेखन शिकलेला मुलगा एकही वाक्य न लिहिता पास होऊ शकतो.

शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, म्हणून हिशेब मांडते. वर्गात एकशे वीस मुले. प्रत्येकाने आठवड्याला एक पान लिहिले आणि ते वाचून समासात दोन ओळी लिहायला पाच मिनिटे लागली, तर सहाशे मिनिटे, म्हणजे दहा तास. सहायक प्राध्यापकाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांप्रमाणे आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन असते. हे दहा तास त्यात कुठेच धरत नाहीत. आणि भाषेचे हे तास बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे जातात. त्याला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात. घरी नेलेल्या वह्यांचे मिळत नाहीत. दोन कॉलेजांच्या मध्ये बर्डीवर बस बदलत फिरणाऱ्या त्या तरुणाला मी कोणत्या तोंडाने सांगू की रात्री शंभर वह्या वाच?

विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकासाठी वर्गाच्या बॅचेस करतात. एकाच बाकाभोवती शंभर मुले उभी करून टायट्रेशन शिकवता येत नाही, हे शासनाने केव्हाच मान्य केले आहे. लेखन हेही प्रात्यक्षिकच आहे. म्हणून एईसीच्या भाषेच्या तासांना प्रात्यक्षिकाचा दर्जा द्या आणि तीस मुलांची बॅच करा. तीस वह्यांची दीडशे मिनिटे होतात, म्हणजे आठवड्याला अडीच तास. ते कार्यभारात धरा आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्यांचे मानधन द्या. परीक्षेतून बहुपर्यायी प्रश्न काढून टाका. त्याऐवजी सत्रभरातली चार लेखने पहिल्या खर्ड्यासकट आणि सुधारलेल्या खर्ड्यासकट जमा करू द्या, म्हणजे मूल कुठून कुठे आले ते दिसेल. खर्च येईल, मला ठाऊक आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही कॉलेजात पेढे वाटले होते. त्या दर्जासोबत भाषेसाठी जो निधी येईल, त्यातला काही वाटा पहिल्या वर्षाच्या वर्गात यावा असे मला मनापासून वाटते. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. पुण्याच्या महागड्या क्लासला जाऊ न शकणाऱ्या मुलाने लिहायचा सराव कॉलेजात नाही करायचा तर कुठे करायचा?

त्या भंडाऱ्याच्या मुलाने रोवणीवरचे पान चार वेळा लिहिले. पहिल्या खर्ड्यात "पानी" होते. ते मी लगेच खोडले नाही, आधी त्याला मजकूर पुरा करू दिला. चौथ्या खर्ड्यात ते त्याचे त्यानेच सुधारले आणि "पऱ्हे" मात्र तसेच ठेवले. विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, याले दुसरा शब्दच नाही." बोनाफाईडचा अर्ज त्याने नंतर स्वतः लिहिला.

या पत्राचे उत्तर कृपया लेखी द्यावे. जूनमध्ये नवे वर्ग सुरू होतील तेव्हा मी ते मुलांपुढे ठेवीन. ती ते वाचतील, त्यात काय मंजूर झाले आणि काय नाही ते शोधतील, आणि पन्नास शब्दांत लिहितील. ती पाने मी आपल्याकडे पाठवीन.

आपली,
मराठीची एक प्राध्यापिका,
नागपूर