क्रिस्टलवरची वायर काढायला लावलीत, त्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

फिल्टर चालू झाला, हे आधी सांगतो. त्याला लागणारा क्लॉक (ठरावीक वेगाने वर-खाली होणारा सिग्नल) मी मायक्रोकंट्रोलरकडून घ्यायला निघालो होतो.

त्याला ताल देणाऱ्या क्रिस्टलवर १६ मेगाहर्ट्झ आयते मिळतात, मग तिथूनच घेऊ, असा माझा हिशेब होता. क्रिस्टलच्या पायाला वायर जोडली की एटीमेगा३२८पी, म्हणजे माझा मायक्रोकंट्रोलर, ठप्प, काढली की पुन्हा सुरू. चिपच बाद झाली असं समजून मी ती बदलायला निघालो होतो. तुम्ही थांबवलंत. क्रिस्टलशेजारी जेमतेम २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर, त्यात माझी लांबलचक वायर स्वतःचे पिकोफॅरड घेऊन आलेली. शिवाय तिथला सिग्नल इतका लहान, की त्यावर दुसरी चिप चालवायची नसतेच. डेटाशीटमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. मी ते पान चाळलं होतं, वाचलं नव्हतं.

मग मी सीकेआउट फ्यूजच्या (चिपमधल्या एका सेटिंगच्या) मागे लागलो. त्याने पिन १४ वर अख्खा सिस्टम क्लॉक बाहेर येतो. तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "तुझ्या फिल्टरला हवेत किती?" माझा स्विच्ड कपॅसिटर फिल्टर, म्हणजे कटऑफ (ज्या फ्रिक्वेन्सीला तो सिग्नल अडवायला लागतो ती) क्लॉकवरून ठरणार; क्लॉक कटऑफच्या १०० पट. मला कटऑफ हवा १ किलोहर्ट्झ, म्हणजे क्लॉक १०० किलोहर्ट्झ! आणि मी १६ मेगाहर्ट्झसाठी जिवाचा आटापिटा करत होतो.

लूपमध्ये पिन वर-खाली करून पाहिली, पण प्रत्येक इंटरप्टला, म्हणजे चिप मध्येच दुसऱ्या कामाकडे वळली की, लय चुकायची. टायमर १ सीटीसी मोडमध्ये, टॉगल, प्रीस्केलर १, ओसीआर१ए मध्ये ७९: हे तुमचं उत्तर एका ओळीत मावलं. म्हणजे चिपमधला टायमर ० ते ७९ मोजतो आणि दर वेळी पिन स्वतःच उलटवतो. १६ मेगाहर्ट्झला ऐंशीच्या दुपटीने, म्हणजे १६० ने भागायचं, बस्स. प्रोग्राम कितीही गुंतलेला असो, पिन १५ वर चौकोनी लाट तशीच. (पिन आउटपुट करायलाच विसरलो होतो, त्यात एक तास गेला. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.)

पिनजवळ ३३ ओहमचा रेझिस्टर कशाला, हे मात्र पटत नव्हतं. १०० किलोहर्ट्झ म्हणजे काय मोठं! ऑसिलोस्कोप लावला तेव्हा कळलं: वेग लाटेचा नाही, तिच्या कडेचा बघायचा. रेझिस्टर घातला, ग्राउंडची वायर सोबत पिळून नेली आणि कडेवरची थरथर बसली.

काल ७९ च्या जागी १५९ घातले. कटऑफ ५०० हर्ट्झवर आला. आता हा आकडा फिरवून बदलता यावा म्हणून पोटेन्शिओमीटर जोडतोय. अडलो तर पुन्हा तुमचंच डोकं खाणार.

तुमचा ऋणी,
वायरवाला