१.६५ चा हिशोब

नॉर्मल, इलिनॉय
१ डिसेंबर २०२४

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार,

आम्ही सगळे बरे आहोत. थंडी पडली आहे, पण आई, घर आतून उबदार असतं, पोरांची तब्येत चांगली आहे, तू काळजी करू नकोस.

बाबा, आपल्या ओजसचा शाळेचा संघ सॉकरमध्ये एका खाजगी शाळेकडून हरला, त्यावर परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘हरला तर हरला. समोरची शाळा खाजगी होती की सरकारी, त्याचं काय एवढं?’ मी मीटिंगच्या घाईत होतो, तुम्हाला तोडून बोललो. ते दिवसभर डोक्यातून गेलं नाही. म्हणून आज नीट लिहितोय.

इथे मूल कुठल्या सरकारी शाळेत जाणार हे घराच्या पत्त्यावर ठरतं. रस्त्याच्या अलीकडचं घर एका शाळेचं, पलीकडचं दुसरीचं. घरपट्टीतला मोठा वाटाही शाळांनाच जातो, त्यामुळे लोक घर घेताना आधी शाळा बघतात. सरकारी शाळेने आपल्या हद्दीतली मुलं घ्यायची आणि त्यांच्यातूनच संघ बांधायचा. चांगला गोलकीपर नाही म्हणून शेजारच्या गावातला आणता येत नाही. खाजगी शाळांना, आणि त्यातल्या पुष्कळशा कॅथलिक आहेत, अशी हद्द नाही. तीस मैलांच्या, म्हणजे साधारण ४८ किलोमीटरच्या घेरातली मुलं तिथे जाऊन खेळू शकतात. शाळा तासगावात आहे असं धरा. सांगली, मिरज, विटा, इस्लामपूर, सगळीकडची पोरं चालतील. खेळासाठी मुलं ओढायला नियमाने बंदी आहे, पण चांगल्या संघाकडे मुलं आपणहून जातात, त्याला कोण काय करणार?

आणि या दोन्ही तऱ्हेच्या शाळा एकाच चषकासाठी खेळतात. गट पाडतात पटसंख्येवर, लहान शाळा लहान शाळांशी, मोठ्या मोठ्यांशी. पण दोघींचा पट सारखा असला तरी ताकद सारखी नसते. म्हणून राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने २००५ साली एक तोड काढली. हद्द नसलेल्या शाळेचा पट १.६५ ने गुणायचा. शाळेत मुलं ६००, कागदावर ९९०. नसलेली ३९० मुलं धरायची आणि त्या शाळेला वरच्या गटात खेळवायचं. एखादी शाळा काही वर्षं फारसं जिंकलीच नसेल, तर तिला त्या खेळापुरता गुणाकार माफ होतो. मला हे समजायला दोन वर्षं लागली. टेक्सासने वेगळा मार्ग धरला, तिथे एक-दोन अपवाद सोडले तर खाजगी शाळांच्या स्पर्धाच निराळ्या. टेनेसीत तर एका शाळेच्या प्रशिक्षकाने नव्या मुलांना पाठवलेल्या पत्रावरून सुरू झालेलं भांडण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा गेलं, २००१ आणि २००७ मध्ये.

अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम लढती काल-परवा आमच्याच गावातल्या युनिव्हर्सिटीच्या मैदानावर झाल्या. राज्यभरातून २५६ संघ, आठ गट. सगळ्यात मोठ्या दोन गटांत लोयोला ॲकॅडमी आणि माउंट कार्मेल जिंकल्या. दोन्ही शिकागोकडच्या कॅथलिक शाळा आणि दोघींचंही हे सलग तिसरं वर्ष. त्यांची पोरं जीव तोडून खेळतात, त्यांना मी कमी लेखणार नाही. पण ओजस म्हणाला, ‘बाबा, गुणूनसुद्धा तेच जिंकतात.’ सॉकरमध्ये त्याचा संघ ४-० हरला त्या दिवसापासून तो हेच बोलतोय.

मला तेव्हा मी नववीत असतानाची तालुक्याची कबड्डी आठवली. तुम्ही बांधलेला शाळेचा संघ म्हणजे आपल्या आणि शेजारच्या वाडीतली पोरं. निम्मी सकाळी धारा काढून आलेली. समोर वसतिगृहाची शाळा, तीन जिल्ह्यांतून निवडून आणलेली मुलं. आपल्यावर दोन लोण चढले. एसटीत तुम्ही कोणालाच काही बोलला नाहीत. खिडकीबाहेर बघत बसला होतात. मी मागच्या सीटवर होतो, आणि तुम्हाला हरण्याचं वाईट वाटलं असं मी इतकी वर्षं धरून चाललो. आता वाटतं, ते हरण्याचं नव्हतं. तुम्ही आलेल्या पोराला कधी परत पाठवलं नाहीत, आणि मैदानावर त्याचा हिशोब कुठेच धरला जात नव्हता. इथे निदान कोणीतरी तो धरायचा प्रयत्न करतंय. १.६५ पुरेसा नसेल, पण खाजगी शाळांना बाहेर काढण्यापेक्षा मला तोच बरा वाटतो. सगळ्या काही श्रीमंत नसतात. काही तर कशाबशा चालतात.

अभ्यासाचं म्हणाल तर तो बुडत नाही. इथे दर आठवड्याला मार्क तपासतात, ठरलेल्या इतक्या विषयांत पास नसेल तर खेळता येत नाही. तुम्ही मला दहावीला खेळू दिलं नव्हतंत, ते चूक होतं असं मी म्हणत नाही.

आता सुमीच्या लग्नाचं. माघातली तारीख धरली हे चांगलं झालं. मी येतोय, पण एकटा आणि आठच दिवस. मेघनाला रजा नाही, पोरांची शाळा. आई, तू रडू नकोस. हॉलचे आणि दागिन्यांचे मिळून पाच लाख याच आठवड्यात पाठवतो, सोनाराला थांबवून ठेवू नका.

एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. ओजसला अर्ध्या तासावरच्या एका खाजगी शाळेत जायचं होतं. आम्ही चौकशी केली, फॉर्मही आणला होता. फी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर. नाही घालत. मधेच शाळा बदलली तर खेळायची परवानगी मिळायलाही अडचण होते, आणि इथले मित्र तुटले असते. लग्नामुळे नातवाची शाळा अडली असं कृपा करून मनात आणू नका. तसं नाही. सुमीला यातलं काही बोलू नका. ओजसलाही मी फीचं कारण सांगितलेलं नाही.

तुमचा,
सचिन