सैन्यदलाचा महिला फुटबॉल संघ: आधी वेळापत्रक, मग गणवेश

मा. संपादक,
स. न.

सेनादलाच्या पुरुष संघाने 2024 मध्ये गोव्याला हरवून संतोष करंडक ही राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा सातव्यांदा जिंकली. इंडियन विमेन्स लीग या महिलांच्या अव्वल राष्ट्रीय स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत मात्र सैन्यदलाचा एकही संघ नाही. लष्करी पोलीस दलात महिला जवानांची पहिली तुकडी 2021 मध्ये दाखल झाली. आता लष्कराने महिला फुटबॉल क्लबही पूर्ण ताकदीने चालवावा, अशी आमची मागणी आहे.

मोरोक्कोने हे करून दाखवले आहे. रबातचा एएस एफएआर हा तेथील शाही सशस्त्र दलांचा, 1958 पासूनचा क्लब. त्याच्या महिला संघाने नोव्हेंबर 2022 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मामेलोडी सनडाउन्सचा 4-0 असा पराभव करून आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकली. पुढच्या वर्षी मोरोक्कोचा महिला संघ विश्वचषकाच्या बाद फेरीत गेला. कर्णधार घिझलान शेबाक आणि हिजाब घालून वरिष्ठ महिला विश्वचषकात खेळलेली पहिली फुटबॉलपटू नुहैला बेनझिना, दोघी तेव्हा याच क्लबकडून खेळत होत्या. तेथे खेळाडूला खेळण्यासाठीच पगार मिळतो, हे मूळ कारण.

आपल्याकडे पहिली अडचण भरतीची येईल. अग्निवीर म्हणून मुलगी विशीच्या आसपास आली, तर चार वर्षांनी, म्हणजे खेळ नुकता पक्व होत असताना, तिची मुदत संपते. म्हणून थेट हवालदार पदावरील क्रीडा भरतीच वापरावी. 24 ते 26 जणींचा संघ हवा आणि त्यात तीन गोलरक्षक. दोघींवर भागवले, की एकीच्या बोटाला मार लागताच सरावातला गोलवर फटके मारण्याचा निम्मा भाग बंद पडतो.

सर्वाधिक नुकसान मात्र दुहेरी भाराने होते. सकाळी बूट घालून परेड आणि पाठीवर वजन घेऊन धावणे, संध्याकाळी दीड तास फुटबॉल, आणि आहार तोच. नडगीचे हाड अशा वेळी आतून चिरते. बोट ठेवून दाखवता येईल अशी एका जागीची दुखरी खूण हे त्याचे लक्षण. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो, म्हणून ‘काही नाही, पळ’ असे सांगितले जाते आणि सहा-आठ आठवड्यांची विश्रांती कित्येक महिन्यांवर जाते. शंका आली की एमआरआय करावा. सलग तीन महिने पाळी चुकली, तर ती शिस्तीची नव्हे, अपुऱ्या आहाराची खूण समजावी. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही दर सहा महिन्यांनी तपासावे; हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो.

सामना रविवारी असेल, तर जड कवायत शुक्रवारपासून बंद. मंगळवार-बुधवारी कष्टाचा सराव, शनिवारी हलका. गुडघ्यातील पुढच्या अस्थिबंधाची (एसीएल) दुखापत महिलांना पुरुषांपेक्षा दुपटीहून अधिक वेळा होते. त्यासाठी फिफाचा ‘11+’ सराव आहे: 15 व्यायाम, 20 मिनिटे, आठवड्यातून किमान दोनदा. पण तो उरकून चालत नाही. उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो का, हे कोणीतरी समोर उभे राहून पाहायला हवे. ते पाहणारे नसेल, तर व्यायाम केल्याचे समाधान तेवढे मिळते.

बुटांचेही तसेच. भांडारातून पुरुषांचेच बूट लहान मापात दिले, की टाच सैल राहते आणि पाय आत घसरतो. कृत्रिम गवतावर लांब खिळ्यांचे बूट तर मुळीच नकोत. ते रुततात, पाय अडकतो आणि पिळ गुडघ्यावर येतो.

तिरंदाजी, मुष्टियुद्ध आणि कुस्तीसाठी पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये क्रीडाविज्ञानाची यंत्रणा उभी आहे. तीच येथेही वापरावी. मात्र खेळाडूला ड्युटीवरून सूट देण्याचा अंतिम अधिकार संघाच्या फिजिओथेरपिस्टकडे, लेखी आदेशाने, पहिल्या दिवसापासून असावा. वरिष्ठाच्या तोंडी परवानगीवर सोडले, तर दुखणे लपवणारी मुलगीच ‘चांगली जवान’ ठरेल.

— महिला फुटबॉलचे प्रशिक्षक व फिजिओथेरपिस्ट, पुणे