भाट्याच्या पुळणीवरून ताईंना आभाराचं पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचे आभार नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून फिटण्यासारखे नाहीत. फिजिओथेरपीचं तुमचं काम सांभाळून रविवारच्या रविवार रत्नागिरीजवळच्या या भाट्याच्या पुळणीवर, समुद्राच्या वाळूत येऊन धावण्यातल्या दुखापतींबद्दल तुम्ही आम्हा धावणाऱ्यांना जे शिकवलंत, ते गुहागर, दापोली, देवगडाकडे एकट्याने धावणाऱ्यांच्याही कामी यावं, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितोय.

पाय दुखला की आपल्याकडे दोनच वाटा. हळद-मिठाचा लेप लावून महिनाभर बसायचं, नाहीतर तेल चोळून तसंच पळायचं. तुम्ही तिसरी वाट दाखवलीत: दुखऱ्या भागावर मोजून भार द्यायचा. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हा ‘राइस’ मंत्र १९७८ साली डॉ. गेब मिर्किन यांनी दिला, आणि बर्फाने व पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबू शकतं हे २०१४ मध्ये त्यांनीच मान्य केलं, ही गोष्ट तुमच्याकडूनच कळली. तुमचं माप सोपं आहे. ० ते १० मध्ये दुखणं ३ पर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूळपदावर येत असेल, तर चालू ठेवा. सकाळी वाढलेलं असेल, तर कालचा भार जास्त झाला. ही सवलत स्नायूंना आणि टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, हाडाला नाही. हे तुम्ही दरवेळी बजावलंत, म्हणून आम्हीही आधीच लिहून टाकतोय.

सगळ्यात जास्त ऋण टाचेमागच्या जाड दोरीचं, म्हणजे अकिलिस टेंडनचं. स्वीडनच्या होकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम तुम्ही पाखाडीच्या, म्हणजे आपल्या दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, पायरीवर आणलात. चवडा पायरीच्या कडेवर, टाच अधांतरी. दोन्ही पायांनी वर उठायचं, भार दुखऱ्या पायावर घ्यायचा आणि टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. वर येताना पुन्हा चांगल्या पायाची मदत. गुडघा ताठ ठेवून १५ चे ३ फेरे, मग गुडघा किंचित वाकवून १५ चे ३. वाकवलेल्या गुडघ्याने पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूवर काम जातं, म्हणून तो भाग गाळायचा नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाचे १८०, आणि हे १२ आठवडे. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, एक बाटली म्हणजे एक किलो. पाचपासून सुरुवात.

बिघडतं कुठे, तेही तुम्हीच दाखवलंत. लोक टाच धपकन सोडतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थोडं दुखतं म्हणून व्यायाम सोडतात, किंवा बरं वाटलं म्हणून सोडतात. पावसात पाखाडीला शेवाळ धरतं, तेव्हा घरातला जिना बरा. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे जागा न तपासता सुरू करणं. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वर दुखत असेल तर पायरी चालते. दोरी हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच पायरीखाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच टाचा उचलायच्या. खाली सोडलं की दोरी तिथे हाडावर दाबली जाते. हा फरक न सांगता व्यायाम वाटणारे पुष्कळ. तुम्ही प्रत्येकाची टाच चिमटीत धरून पाहिलीत.

आणखी एक सूचना आमच्या डोक्यात कधीच आली नसती. पोट बिघडल्यावर किंवा लघवीच्या संसर्गावर दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या कुळातली प्रतिजैविकं टेंडन कमकुवत करू शकतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण डॉक्टरांना आपण लांब पळतो हे आधी सांगायचं, आणि टाचेमागे दुखू लागलं तर पळणं थांबवून लगेच कळवायचं.

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पावलाला तळव्यात कळ येते, त्यावर बाटली घोळवण्यापलीकडे काही करायचं असतं हेही नवीनच होतं. टॉवेलची गुंडाळी पायाच्या बोटांखाली, ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली, एक दिवसाआड. जेमतेम १२ वेळा जमेल एवढं वजन घेऊन ३ फेरे, पुढे वजन वाढवत नेऊन वेळा कमी.

भाट्याची पुळण दिसते सपाट, पण समुद्राकडे उतरती आहे. पुलाकडून झरी विनायकाच्या देवळाकडे धावताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे उजवा पाय सारखा खाली पडतो. पाच-सात किलोमीटर असं झालं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी फिरल्यासारखं दुखतं. मांडीच्या बाहेरून उतरणारा आयटी बँड तो. म्हणून जितकं जायचं तितकंच त्याच ओळीवरून परत यायचं, परतीला सुरूच्या बनाकडून वरच्या कोरड्या वाळूत शिरायचं नाही. मऊ वाळूत टाच रुतते आणि पोटरीवरचा ताण वाढतो. ओहोटीची ओली, घट्ट वाळू सगळ्यात चांगली, पण तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. भरतीचं वेळापत्रक पाहून धावायचा दिवस ठरवायचा, हे मच्छीमारांना सांगावं लागत नाही, आम्हाला सांगावं लागलं. आरे-वारेच्या रस्त्याच्या उतारावर लांब टांगा टाकायच्या नाहीत. मिनिटाची पावलं ५ ते १० टक्क्यांनी वाढवली, म्हणजे १६० ची १७० केली, की पाऊल शरीराच्या जवळ पडतं आणि गुडघ्यावरचा भार उतरतो.

आता नडगी. या परीक्षेसाठी तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा खालून वर फिरवायचा. वीतभर, निदान ५ सेंटीमीटर पट्टा दुखरा लागला तर बहुधा हाडाच्या कडेची सूज. भार कमी करून, पोटरी मजबूत करून ती जाते. बोटाचं टोक मावेल एवढ्याच जागी जीव जात असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला ताणाची चीर आहे असं धरून चालायचं आणि त्याच दिवशी थांबायचं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे त्यात चीर बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. जांघेत खोल दुखणं त्याहून धोक्याचं, कारण खुब्यापाशी मांडीच्या हाडाची जी मान असते, तिची चीर सरकली तर शस्त्रक्रिया अटळ. तिथे ‘उद्या बघू’ नाही.

मुलींशी तुम्ही वेगळं बसून बोललात, त्याबद्दल त्यांनी खास लिहायला सांगितलंय. सलग तीन महिने पाळी आली नाही तर ते तयारी चांगली झाल्याचं लक्षण नव्हे. अन्न कमी पडतंय, आणि हाडं त्याची किंमत मोजतायत. उपवासाच्या दिवशी लांब धाव नाही, हा नियम आता मुलगेही पाळतात.

आपल्याकडे दुखापतींचा हंगाम ठरलेला. पावसाळ्यात धावणं तुटक, मग गणपती, आणि मग जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन आठवते. १० किलोमीटरवरून थेट २५! आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसातली उडी जास्त घात करते, हे तुमचं म्हणणं आम्ही भिंतीवर लिहिलंय. गेल्या महिन्यातली सर्वांत लांब धाव १२ ची असेल तर या रविवारी १३, फार तर सव्वातेरा.

पावसातलं थोडक्यात. पायाला चीर किंवा फुटलेला फोड असेल तर शेताच्या कडेच्या पाण्यातून जायचं नाही, लेप्टोस्पायरोसिस आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ताप आणि पोटऱ्या ठणकत असतील तर तो धावण्याचा थकवा समजून घरी बसू नये. ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवायचे, दोन जोड आलटून पालटून.

आणि घाम. धावण्याआधी आणि नंतर वजन करायचं. वजन वाढलं तर पाणी गरजेपेक्षा जास्त प्यालात, आणि रक्तातलं मीठ पातळ होणं जिवावर बेतू शकतं. लांब धावेनंतर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात, किंवा मीठ घातलेली पेज. धावण्याआधी दुखण्याची गोळी नको. घामाने पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेन मूत्रपिंडाला झेपत नाही, शिवाय दुखणं झाकलं की तुमचं ० ते १० चं मापच खोटं ठरतं.

ताई, यातलं एकेक वाक्य तुम्ही पन्नास वेळा, न चिडता सांगितलंत. बरं झालेल्याला अर्धा तास वेदनेशिवाय चालता येईपर्यंत धावू दिलं नाहीत, मग १ मिनिट धाव आणि ४ मिनिटं चाल असे सहा फेरे, तेही एक दिवसाआड. घाई करणाऱ्याला तुम्ही हाताला धरून थांबवलंत, त्यातल्या कितीतरी जणांचे पाय आज शाबूत आहेत.

येत्या महिन्याचं ओहोटीचं वेळापत्रक सोबत जोडलंय. ज्या रविवारी जमेल त्या रविवारी या. पुलाजवळ भेटू, पेज आम्ही आणतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
भाट्याच्या पुळणीवर धावणारे सगळे