आई-बाबा, चिठ्ठ्या जोडून टाकल्यात
ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, जे ठरवून टाकलंय ते आधी सांगते, मग रागवा. कॉम्प्युटरवरच्या पिवळ्या चिठ्ठ्या, म्हणजे स्टिकी नोट्स, मी मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडल्यात. तुम्ही सोलापुरात लिहाल ते मला पुण्यात फोनवर वननोट अ‍ॅपमध्ये दिसेल. पाळत ठेवायला नाही हो. जोडल्या नसत्या तर सगळं त्या एकाच मशीनच्या पोटात राहिलं असतं आणि विंडोज नव्याने टाकायची वेळ आली की गेलं असतं. शिवाय गोळ्या संपत आल्याचं तुम्ही फोनवर कधी सांगता? तुमची हिशेबाची वही आहे तिथेच राहील, तिला कुणी हात लावणार नाही.

खालच्या पट्टीवर पिवळं चिन्ह लावून ठेवलंय, त्यावर क्लिक करायचं. नवी चिठ्ठी हवी तर डाव्या कोपऱ्यातलं अधिकचं चिन्ह, नाहीतर कंट्रोल धरून एन. सेव्ह करावं लागत नाही. रंग उजवीकडच्या तीन टिंबांत आहेत: औषधं गुलाबी, नळाला पाणी यायचा वार निळा. नेट गेलं तरी लिहीत राहा, परत आलं की आपोआप माझ्यापर्यंत पोचतं.

आई, तू घाबरतेस त्या फुलीने चिठ्ठी नुसती मिटते. कंट्रोल आणि एच दाबलंस की यादी येते, हवी त्या चिठ्ठीवर डबल क्लिक कर, उघडते. खरी पुसली जाते ती कंट्रोल आणि डीने, किंवा कचरापेटीच्या चिन्हाने. आधी विचारतं, तेव्हा थांबायचं, कारण तिथून पुसली की माझ्या फोनवरूनही जाते. काम झालं की पुसू नकोस, ओळ निवडून कंट्रोल आणि टी दाब, मधून रेघ पडते. तुझ्या वाणसामानाच्या यादीवर पेन्सिलीने मारायचीस तशीच. ती यादी धरून तुझ्या मागे मागे फिरायला मला अजून आवडेल गं.

मराठीसाठी विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबा आणि मराठी फोनेटिक निवडा. इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की देवनागरी शब्द पुढे येतो. चिठ्ठीत अक्षर मोठं करायची सोय नाही, म्हणून विंडोज आणि अधिक दाबा, भिंग येतं. ते घालवायला विंडोज आणि एस्केप. चष्म्याचा नंबर मात्र तपासूनच घ्या बाबा, टाळू नका.

आता नीट ऐका. चिठ्ठी वाजत नाही, आणि कॉम्प्युटर बंद असला की ती दिसतही नाही. गोळ्यांचा गजर फोनवरच राहू द्या. एटीएमचा पिन, ओटीपी, पासवर्ड चिठ्ठीत कधीही लिहायचा नाही. रक्तदाब एकाच चिठ्ठीत लिहा: तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा. चहा घेतल्यावर अर्धा तास जाऊ द्या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, मगच पट्टा बांधा. घाईत मोजला की आकडा उगाच चढतो आणि तुम्ही दोघं रात्रभर जागता. शेंगाचटणी बंद करा असं मी म्हणत नाही, पण मीठ कमी घातलेली वेगळी कर आई.

गड्ड्याच्या जत्रेला मी येतेच आहे. तोवर काही अडलं तर 'अडलंय' एवढंच चिठ्ठीत लिहा, दिसलं की मी फोन करीन. पण छातीत दुखलं, चक्कर आली, तर चिठ्ठी लिहीत बसायचं नाही. शेजारी हाक मारा आणि 108 लावा.

तुमची,
छकुली